भिंत कशाची बांधायची? निकष अनेक आणि माहिती अपुरी असताना निर्णय घेण्याची रीत

शाश्वत बांधकामाची चर्चा निघाली की प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात चांगलं मटेरियल कोणतं? या प्रश्नाला उत्तर नाही. अमुक जागी, अमुक वापरासाठी, अमुक लोकांना काय परवडेल आणि काय टिकेल, असा प्रश्न केला तर उत्तर निघतं. तिथेही अडचण असतेच. एक पर्याय स्वस्त पण गरम, दुसरा थंड पण लांबून आणायचा, तिसरा मातीशी नातं सांगणारा पण तो नीट बांधणारा गवंडी मिळेल की नाही याची खात्री नाही. त्यात हातात असलेले निम्मे आकडे अंदाजाचे.

अशा वेळी बरेच जण गुणांचा तक्ता करतात, बेरीज मारतात आणि पहिल्या आलेल्या पर्यायाला मान डोलावतात. माझा आक्षेप तक्त्याला नाही, त्या एका बेरजेला आहे. अंदाज असलेला आकडा तक्त्यात शिरला की पक्का वाटू लागतो. म्हणून अनिश्चितता पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत आकड्यासोबत वागवायची, आणि शेवटी "पहिला कोण" यापेक्षा "काय झालं तर पहिला नंबर बदलेल" हे शोधायचं. ही रीत एका उदाहरणातून सविस्तर पाहू.

राजापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी बांधायची आहे असं धरा. एकमजली, पंखे आहेत, एसी नाही. बाहेरच्या भिंती कशाच्या, एवढंच ठरवायचं आहे. खाली दिलेले रुपयांचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या कामासाठी तुमच्या भागातली कोटेशनं घ्या.

पायरी १: प्रश्नाची हद्द आखा

आधी विचारा: भिंत हाच मोठा प्रश्न आहे का? एकमजली इमारतीत दुपारचा ताप मुख्यतः छतातून येतो. छत साध्या पत्र्याचं आणि भिंतीवर महिनाभर खल, असं होत असेल तर चर्चा चुकीच्या जागी चालली आहे. छत आधी ठरवा.

मग पर्याय पूर्ण वाक्यात लिहा. "चिरा" एवढं पुरत नाही. "जांभ्याचा चिरा, बाहेरून गिलावा नाही, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरलेल्या, छपराची पागोळी भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे" हा पर्याय झाला. कोकणातल्या पावसात भिंतीचं आयुष्य जितकं मटेरियलवर तितकंच पागोळीवर अवलंबून असतं, त्यामुळे दोन्ही एकत्रच मोजावं लागतं.

आपले चार पर्याय: जवळच्या खाणीतला चिरा; घाटावरून आणलेली लाल वीट, दोन्ही बाजूंनी गिलावा; एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांनी हलका केलेला सिमेंटचा ठोकळा, पुण्याकडे ज्याला सिपोरेक्स म्हणतात), दोन्ही बाजूंनी गिलावा; आणि जागेवरच यंत्राने दाबून केलेला माती-सिमेंटचा ठोकळा.

पायरी २: अटी वेगळ्या, निकष वेगळे

जिथे तडजोड चालणार नाही ती अट. जिथे थोडं कमी-जास्त चालेल तो निकष. ही फारकत केली नाही तर स्वस्ताईचे गुण कमजोर भिंतीला पास करून टाकतात. बेरजेच्या पद्धतीचा हा स्वभावच आहे: एका विषयात नापास झालेला दुसऱ्या विषयाच्या गुणांवर वर येतो. फ्रान्समध्ये बर्नार्ड रॉय यांनी मांडलेल्या इलेक्ट्र या निर्णयपद्धतीत यासाठी नकाराधिकाराची सोय आहे. आपण तीच गोष्ट अटींच्या यादीने साधू.

चिऱ्यासाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक दाबाला किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद मागतं आणि पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत. ही अट. भूकंपासाठी जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर लागणारे पट्टेही अटच. राहती इमारत असती तर २०१८ची इको निवास संहिता (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे नियम) छताचं यू-मूल्य, म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, १.२ च्या आत मागते, तेही अटींत गेलं असतं.

निकष पाच घेऊ: बांधकामाचा खर्च, साहित्य बनवायला आणि आणायला लागलेली ऊर्जा, भिंतीतून आत येणारी उष्णता (यू-मूल्य, जितकं कमी तितकं चांगलं), ३० वर्षांची देखभाल, आणि खर्चातला तालुक्यातच राहणारा वाटा. वाहतुकीचं अंतर मुद्दाम वेगळं घेतलेलं नाही. ते खर्चातही आलं आहे आणि ऊर्जेतही. तिसऱ्यांदा मोजलं तर लांबच्या मालाला एकाच गुन्ह्याची तीनदा शिक्षा होते. "पर्यावरणपूरकता" असा गोल निकषही घेऊ नका. जे मोजण्याचं एकक सांगता येत नाही ते निकषात आलं की प्रत्येक जण आपल्या आवडीचे गुण देतो.

पायरी ३: एक आकडा नको, तीन घ्या

प्रत्येक खान्यात चांगला, बहुधा येईल तो, आणि वाईट, असे तीन आकडे लिहा. वाईट आकडा विचारताना "जास्तीत जास्त किती?" असं विचारलं तर लोक सावध, छोटा आकडा सांगतात. त्याऐवजी विचारा, "समजा शेवटी भाव १९०० लागला. काय झालं असेल?" माणूस कारणं सांगू लागतो, आणि ती कारणंच आपल्याला पुढे हवी आहेत.

ऊर्जेच्या आकड्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांच्या २००३च्या अभ्यासाचा आधार घेता येतो. त्यांच्या हिशेबात भाजलेल्या विटेच्या बांधकामाला घनमीटरमागे २१४१ मेगाज्यूल लागतात. माती-सिमेंटच्या ठोकळ्याला ६ टक्के सिमेंट असेल तर ६४६ आणि ८ टक्के असेल तर ८१०. भिंत २३ सेंटिमीटर जाड धरली की चौरस मीटरमागे वीट साधारण ४९२ आणि ठोकळा १४९ ते १८६. विटेवर घाट उतरण्याचं डिझेल आणखी वेगळं. दोन टक्के सिमेंटने ऊर्जा चौथ्या हिश्श्याने वाढते हे लक्षात ठेवा. गवंडी "अजून एक घमेलं टाकू, मजबूत होईल" म्हणतो तेव्हा नेमकं हेच घडतं.

आपला तक्ता असा (चांगला / बहुधा / वाईट):

| निकष | चिरा | एएसी | माती-सिमेंट |
|---|---|---|---|
| खर्च, रु. प्रति चौ.मी. | १३०० / १५०० / १९०० | १६०० / १७५० / १९०० | १२०० / १४५० / २००० |
| ऊर्जा, मेगाज्यूल प्रति चौ.मी. | ८० / १२० / २०० | २६० / ३४० / ४५० | १५० / १८० / २४० |
| यू-मूल्य | १.८ / २.२ / २.६ | ०.७ / ०.८ / १.० | २.० / २.३ / २.६ |
| देखभाल, रु. प्रति चौ.मी. | ४०० / ६०० / ९०० | ६०० / ९०० / १४०० | ५०० / ८०० / १४०० |
| तालुक्यातला वाटा, टक्के | ६० / ५० / ४० | २५ / २० / १५ | ६० / ५० / ४० |

लाल वीट तक्त्यात नाही. उष्णतेत ती चिऱ्याच्या आसपासच आहे. बाकी चार निकषांत, घाट उतरून येणाऱ्या विटेचा चांगला आकडाही आपण चिऱ्याच्या वाईट आकड्याच्या मागेच धरला आहे: खर्च १९५०, ऊर्जा ४५०, देखभाल ९५०, स्थानिक वाटा ३०. असा पर्याय पुढे नेण्यात अर्थ नाही. हा निकाल राजापूरपुरता आहे. कृष्णाकाठच्या एखाद्या गावात वीटभट्टी शेजारी आणि चिरा लांब, तिथे हीच वीट सर्वांत पुढे येऊ शकते.

पायरी ४: अनिश्चितता कोणत्या जातीची आहे ते ओळखा

सगळी अनिश्चितता एकसारखी नसते, आणि तिच्यावरचे उपायही एक नाहीत.

पहिली, मालातली तफावत. एकाच खाणीतला वरच्या थराचा चिरा आणि खालच्या थराचा चिरा यांत फरक असतो. ताजा कापलेला चिरा ओला आणि मऊ असतो, हवा लागून कडक होतो. पोकळ्यांत पिवळसर माती भरलेला चिरा पाण्यात धरून बघा. माती वाहून जाते आणि हातात चाळणी उरते. जाणता गवंडी चिऱ्यावर चिऱ्याने ठोकून आवाज ऐकतो आणि बद आवाजाचा बाजूला टाकतो. इथे उपाय चाचणीचा: लॉटमधून वेगवेगळ्या जागचे नमुने काढा आणि प्रयोगशाळेत पाठवा.

दुसरी, आपलं अज्ञान. ठोकळ्याचं यंत्र भाड्याने कुठे मिळतं, त्या मातीत चिकणमाती किती, हे कुणाला तरी ठाऊक असतं. आपण विचारलेलं नसतं. तिसरी, भविष्य. जवळची चिरेखाण पुढच्या हंगामात चालू असेल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. इथे चाचणी कामाची नाही. वेगवेगळ्या शक्यता मांडून बघाव्या लागतात. चौथी म्हणजे माणसांतले मतभेद. सरपंचांना खर्च दिसतो, अंगणवाडी सेविकेला ओल धरलेली भिंत आणि तिच्याखाली बसलेली मुलं दिसतात. या मतभेदाची सरासरी काढून तो झाकू नका.

पायरी ५: गुण आणि वजनं

प्रत्येक निकषाची दोन टोकं आधीच ठरवा आणि ० ते १०० गुण द्या. खर्चासाठी २२०० ला शून्य, १२०० ला शंभर. ऊर्जेसाठी ४८० आणि ८०. यू-मूल्यासाठी २.६ आणि ०.६. देखभालीसाठी १४०० आणि ४००. स्थानिक वाट्यासाठी १० टक्के आणि ६० टक्के. टोकं पर्यायांवरून काढू नका, नाहीतर एक पर्याय गाळला की उरलेल्यांची टोकं सरकतात आणि त्यांचा आपसातला क्रमही उलटू शकतो. बेल्टन आणि गिअर या संशोधकांनी १९८३ साली एएचपी या जोडी-तुलनेच्या पद्धतीतला (ती पुढे पाहू) असाच दोष दाखवून दिला होता.

बहुधाच्या आकड्यांनी गुण असे येतात. चिरा: ७०, ९०, २०, ८०, ८०. एएसी: ४५, ३५, ९०, ५०, २०. माती-सिमेंट: ७५, ७५, १५, ६०, ८०.

आता वजनं. "पर्यावरण महत्त्वाचं की पैसा?" असं कुणालाही विचारू नका, त्याचं उत्तर भाषण असतं. असं विचारा: "पाचही बाबतींत सगळ्यात वाईट भिंत आपल्या पदरात पडली आहे. एकच गोष्ट वाईट टोकावरून चांगल्या टोकावर नेता येईल. कोणती न्याल?" जी पहिली येईल तिला १००. मग दुसरी कोणती, आणि पहिलीच्या तुलनेत तिचं मोल किती? आपल्या उदाहरणात खर्च १००, देखभाल १००, ऊर्जा ५०, स्थानिक वाटा ५०, उष्णता ३३ असं निघालं असं धरू. एकूण ३३३ ने भागलं की ३०, ३०, १५, १५ आणि १० टक्के. उष्णतेला कमी का? कोकणच्या दमट हवेत, दारं-खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत गारवा मुख्यतः आरपार वाऱ्याने मिळतो, जाड किंवा उष्णतारोधक भिंतीने त्यामानाने कमी.

ही वजनं प्रत्येकाकडून वेगवेगळी, कागदावर लिहून घ्या, मगच एकत्र बसा. सरपंच आधी बोलले की बाकीचे कागद कोरे राहतात.

थॉमस साटी यांची एएचपी पद्धत अनेकांना शिकवलेली असते: निकषांच्या जोड्या लावायच्या, १ ते ९ मध्ये तुलना करायची, विसंगती ०.१० च्या आत आहे का पाहायचं. पाच निकषांना १० जोड्या होतात, आठ निकषांना २८. अठ्ठाविसाव्या जोडीपर्यंत गावातला कुणीही मनापासून उत्तर देत नाही. छोट्या कामात वरचा साधा प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटतो.

गुणिले वजन, बेरीज: चिरा ७२.५, माती-सिमेंट ६५.२५, एएसी ४५.७५.

इथे थांबू नका. खरं काम आता सुरू होतं.

पायरी ६: पहिला नंबर कशाने बदलेल?

चिरा आणि माती-सिमेंटमध्ये ७.२५ गुणांचा फरक आहे. खर्चाचं वजन ०.३०, म्हणजे तेवढा फरक पुसायला खर्चाचे साधारण २४ गुण लागतात. एक गुण म्हणजे १० रुपये. तेव्हा चिऱ्याचा खर्च सुमारे २४० रुपयांनी वाढून १७४० च्या वर गेला की माती-सिमेंट पुढे जातं. आपल्याच तक्त्यात चिऱ्याचा वाईट आकडा १९०० आहे. म्हणजे नंबर बदलणं सहज शक्य आहे, आणि ते मुख्यतः खाणीवर ठरतं.

आता एएसी. उष्णतेचं वजन वाढवत नेलं आणि बाकीची त्याच प्रमाणात कमी केली, तर ते कधी जिंकतं? हिशेब केला की सुमारे ३५ टक्के येतात. उघड्या खिडक्यांच्या अंगणवाडीला कुणी एवढं वजन देणार नाही. दिवसभर एसी चालणारी इमारत असेल तर देईल, आणि तिथे एएसी निवडणं योग्यच ठरेल.

या दोन आकड्यांनी काम किती सोपं केलं ते पाहा. यू-मूल्य २.२ की २.३ यावर वाद घालायची गरज संपली. वेळ आणि पैसा खाणीची चौकशी करण्यात घालवायचा.

पायरी ७: शक्यता मांडा, हळहळ मोजा

दोन मोठे प्रश्न उरले: खाण चालू राहील का, आणि ठोकळ्याचं काम जाणणारे गवंडी मिळतील का. त्यातून चार शक्यता होतात.

खाण बंद झाली तर चिरा लांबून येईल: खर्च १९००, ऊर्जा २००, स्थानिक वाटा ४०. त्याचे एकूण गुण ५४.५ वर येतात. जाणते गवंडी मिळाले नाहीत तर ठोकळ्याचा खर्च २०००, देखभाल १४००, वाटा ४०. त्याचे गुण २७.७५ वर कोसळतात. दोन्ही शक्यतांत एएसी ४५.७५ वरच आहे असं धरलं आहे.

लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ साली सुचवलेला विचार इथे उपयोगी पडतो. प्रत्येक शक्यतेत सगळ्यात चांगला पर्याय घेतला असता तर किती गुण मिळाले असते, आणि आपण घेतलेल्याला किती मिळाले? तो फरक म्हणजे हळहळ.

| शक्यता | चिरा | एएसी | माती-सिमेंट |
|---|---|---|---|
| दोन्ही ठीक | ० | २६.७५ | ७.२५ |
| खाण बंद | १०.७५ | १९.५ | ० |
| गवंडी नाहीत | ० | २६.७५ | ४४.७५ |
| दोन्ही वाईट | ० | ८.७५ | २६.७५ |

चिरा घेतला तर जास्तीत जास्त हळहळ १०.७५. माती-सिमेंटची ४४.७५. साध्या बेरजेत दोघांत फक्त सात गुणांचं अंतर दिसत होतं. जोखमीत ते ३४ गुणांचं, म्हणजे जवळजवळ पाचपट आहे. कोणती शक्यता किती टक्के, हे आपण कुठेही धरलं नाही, हा या तक्त्याचा मोठा फायदा.

ज्यांना स्प्रेडशीट चालवता येते त्यांनी याच्या पुढे जावं. प्रत्येक खान्यात चांगला आणि वाईट यांच्या मधला, बहुधाच्या आकड्याकडे झुकणारा यादृच्छिक आकडा घ्या. वजनंही थोडी हलवा आणि बेरीज पुन्हा शंभरवर आणा. अशा हजार ओळी करा आणि कोण किती वेळा पहिलं येतं ते मोजा. याला माँटे कार्लो म्हणतात. एकच काळजी घ्या: डिझेल महागलं तर सगळ्याच पर्यायांची वाहतूक महागते, म्हणून वाहतुकीसाठी एका ओळीत सगळ्यांना एकच यादृच्छिक आकडा लावा. नाहीतर एकाच ओळीत चिऱ्याचं डिझेल स्वस्त आणि एएसीचं महाग असं अशक्य चित्र तयार होतं.

पायरी ८: तक्त्यात काय आलंच नाही?

चिरा जिंकतोय म्हणून हा प्रश्न जास्त जोरात विचारायला हवा. चिरा येतो कुठून? सड्यावरून (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरून) आणि डोंगरउतारावरून. कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या, इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती आहेत. याच सड्यांवर कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी, कशेळी, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. यांतली कित्येक ठिकाणं तर याच राजापूर तालुक्यात आहेत. आपल्या पाच निकषांत या सगळ्याला एकही गुण नाही. ऊर्जेच्या रकान्यात चिरा ९० गुण मिळवतो, कारण खाणीने खाल्लेली जमीन मेगाज्यूलमध्ये येत नाही.

सहावा निकष करून सड्याला "४० गुण" द्यावेत असं मला वाटत नाही. शिल्प एकदा कापलं गेलं की स्वस्ताईच्या गुणांनी ते भरून निघत नाही. म्हणून ही गोष्ट दुसऱ्या पायरीतल्या अटींत टाका: चिरा परवाना असलेल्या खाणीचाच, कातळशिल्पं असलेल्या सड्यावरचा नको, आणि खाण बुजवण्याची सोय काय ते लेखी हवं. ही अट घातल्यावर जवळची खाण बाद होऊ शकते. तसं झालं तर आपण आपोआप "खाण बंद" या ओळीत जातो आणि माती-सिमेंट पुढे येतं. तेव्हा तोच निर्णय मान्य करायचा.

पायरी ९: अनिश्चितता डिझाइनने कमी करा

माती-सिमेंटला सगळ्यात जास्त मार बसला तो देखभालीत, आणि देखभाल बिघडते ती भिंत भिजल्याने. मग भिंत भिजू नये असंच डिझाइन करा: जोते उंच, खिडकीच्या तळापर्यंत चिरा, वर ठोकळा, पागोळी ९० सेंटिमीटर, पावसाच्या बाजूला पडवी. हा नवा पर्याय झाला. त्याचे तीन-तीन आकडे काढा आणि तक्त्यात बसवा. देखभालीचा वाईट आकडा १४०० वरून किती खाली येतो ते गवंड्याला आणि अभियंत्याला वेगवेगळं विचारा. छपराचा वाढीव खर्च मात्र याच पर्यायाच्या नावावर टाका. चिरा कमी लागत असल्याने खाणीवरची मदारही कमी होते.

दुसरी युक्ती म्हणजे निर्णयाचे टप्पे पाडणे. पाया आणि जोते दोन्ही भिंतींना चालतील अशा रुंदीचे घ्या आणि काम सुरू करा. ते होईपर्यंत चिऱ्याच्या नमुन्यांचा अहवाल येईल, खाणीचा परवाना बघता येईल, आणि आवारातच ठोकळ्यांची छोटी भिंत बांधून तिच्यावर रोज पाण्याचा मारा करून पाहता येईल. गवंडी त्या भिंतीवर हात बसवतील.

शेवटी एक पान लिहून ग्रामपंचायतीच्या फायलीत लावा. त्यावर पर्याय, अटी, प्रत्येकाची वजनं, तीन-तीन आकडे आणि ते कुणी सांगितले, आणि निर्णय बदलण्याची खूण: "चिऱ्याच्या भिंतीचा दर चौ.मी.ला १७४० च्या वर गेला, किंवा नमुन्यांची ताकद ३.५ च्या खाली आली, किंवा खाणीचा परवाना दाखवला नाही, तर भिंत माती-सिमेंटची." खाली तारीख आणि सह्या.